सुई, दोरा आणि रुग्णनौका

युद्धाचा इतिहास बहुधा तोफांच्या आवाजावरून लिहिला जातो. कोणत्या टेंकडीवर कोणत्या सेनापतीनें मोर्चा लावला, कोणता किल्ला किती दिवसांनीं पडला, तहाच्या कागदावर कोणाच्या सह्या झाल्या, एवढें सांगितलें म्हणजे युद्ध सांगून झालें असें मानण्याची चाल आहे. परंतु लढणाऱ्या शिपायाच्या अंगांत सदरा असतो आणि तो सदरा कोणीतरी शिवलेला असतो. जखमी होऊन तो खाटेवर पडला म्हणजे त्याच्या अंगावर पांघरूण येतें, आणि तें पांघरूणही कोठल्यातरी घरांत, दिव्याच्या उजेडांत, टांक्यामागून टांका घालून तयार झालेलें असतें. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत जें यादवी युद्ध झालें, त्याची ही दुसरी बाजू तोफांच्या बाजूइतकीच मोठी आहे. घरांत शिवलेली वस्तु छावणींतल्या किंवा नौकेवरच्या गरजू माणसापर्यंत खरोखर पोंचते काय, हा प्रश्न तेथील स्त्रियांना चार वर्षें छळीत होता; आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां त्यांचें स्वतःचें आयुष्यही बदलून गेलें.

१२ एप्रिल १८६१ रोजीं दक्षिणेच्या तोफांनीं सम्टर किल्ल्यावर मारा सुरू केला. तीनच दिवसांनीं अध्यक्ष लिंकन यांनीं ७५,००० स्वयंसैनिकांची मागणी केली. पुरुष नांवें नोंदवावयास धांवले, तशा स्त्रिया सुई घेऊन बसल्या. प्रार्थनामंदिरांचे तळमजले, शाळांच्या खोल्या, श्रीमंतांचे दिवाणखाने, जेथें दहा बायका बसूं शकतील तेथें शिवणमंडळ स्थापन झालें. कोणी कापड बेती, कोणी धांवदोरा घाली, कोणी गुंड्या लावी. उत्साहाला सीमा नव्हती. पण माहितीचा मात्र पूर्ण अभाव होता. शिपायाला काय हवें असतें, हें कोणालाच ठाऊक नव्हतें.

या अज्ञानाचें एक उदाहरण हिंदुस्थानाशीं जोडलेलें आहे. १८५७ सालीं कानपूर व लखनौ येथें लढलेला इंग्रज सेनापति हॅवलॉक याच्या नांवानें टोपीवर घालावयाचें एक पांढरें आच्छादन प्रसिद्ध होतें. त्याची झालर मानेवर उतरे आणि उन्हापासून बचाव करी. अमेरिकन स्त्रियांनीं विचार केला कीं, दक्षिणेचें ऊन कडक, तेव्हां आपल्या मुलांना हेंच हवें. मग काय, हॅवलॉकांचा पूर लोटला. हजारों शिवलीं गेलीं, पेट्या भरून छावण्यांत रवाना झालीं. शिपायांनीं तीं डोक्यावर घालून पाहिलीं, तों वारा अडून डोकें अधिकच तापूं लागलें. मग कोणी त्यांतून कॉफी गाळली, कोणी बंदुका पुसल्या. गंगेच्या कांठचा उपाय पोटोमॅकच्या कांठीं फुकट गेला. प्रेमानें शिवलेली वस्तु उपयोगाची असतेच असें नाहीं, हा पहिला धडा स्त्रियांना अशा रीतीनें मिळाला.

हा धडा ज्यांनीं सर्वांआधीं ओळखला त्यांत डॉक्टर एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. १८४९ सालीं वैद्यकाची पदवी मिळवून त्या अमेरिकेंतील पहिल्या पदवीधर स्त्री-डॉक्टर झाल्या होत्या. पुढें ज्या वाटेनें कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, त्या वाटेवरचे पहिले कांटे ब्लॅकवेलबाईंनीं काढलेले होते. त्यांच्या पुढाकारानें एप्रिल १८६१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्यें स्त्रियांची मोठी सभा भरली आणि विखुरलेल्या शिवणमंडळांना एकत्र बांधणारी मध्यवर्ती संस्था जन्मास आली. तींतून पुढें जून महिन्यांत सरकारमान्य सॅनिटरी कमिशन निघालें. क्रिमियाच्या युद्धांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं जें दाखवून दिलें होतें, तोच या कमिशनचा पाया होता. शिपाई गोळीनें मरतात त्याहून अधिक रोगानें मरतात, आणि पुष्कळसा रोग टाळतां येतो, ही ती शिकवण. सरकारी वैद्यांना ही लुडबुड रुचली नाहीं. खुद्द लिंकन यांनाही आरंभीं हें मंडळ म्हणजे गाडीला पांचवें चाक ठरेल अशी भीति वाटली होती. परंतु युद्धाच्या अखेरीस जी मोजदाद झाली तिनें नाइटिंगेलबाईंचेंच म्हणणें खरें केलें. उत्तरेकडील सुमारें साडेतीन लाख मृतांपैकीं दोन-तृतीयांशांच्या आसपास लोक रोगानेंच गेले होते.

कमिशननें पहिली गोष्ट केली ती ही कीं, शिवणाऱ्या हातांना मापें दिलीं. रुग्णालयांतील सदरा ढगळ असावा, बाही उघडतां येऊन बंदांनीं बांधतां यावी, म्हणजे मोडलेला हात न हलवितां तो घालतां येतो. रजई घरच्या पलंगाच्या मापाची नको. सुमारें सात फूट लांब आणि चार फुटांहून थोडी अधिक रुंद अशी, म्हणजे लष्करी खाटेवर बसेल इतकीच हवी. गांवोगांवच्या मंडळांनीं माल शाखेकडे पाठवावा, शाखेनें तो उलगडून, प्रकारवार निवडून, त्यावर कमिशनचा शिक्का मारून पुन्हां बांधावा आणि जेथें गरज असेल तेथें रवाना करावा. या योजनेंत एक मोठा मानसिक अडथळा होता. प्रत्येक आईला वाटे कीं, आपण शिवलेला सदरा आपल्याच मुलाला मिळावा. निदान आपल्या गांवच्या पलटणीला तरी मिळावा. कमिशननें सांगितलें, तसें होणार नाहीं. सदरा देशाचा आहे. ज्याला पहिल्यानें लागेल त्याला तो मिळेल. आईच्या मायेला हें पटणें सोपें नव्हतें. तरीही पुढें अशीं सुमारें ७,००० स्थानिक मंडळें या एका योजनेंत काम करूं लागलीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या स्त्रियांच्या समजुतीची थोरवी कळून येते.

या रजया म्हणजे पुष्कळ अंशीं महाराष्ट्रांतील गोधडीच्याच बहिणी. जुन्या पोशाखांचे तुकडे, पडद्यांच्या चिंध्या, मुलांचीं लहान झालेलीं झबलीं, असें सर्व जोडून त्या तयार होत. कित्येकींत शिवणारणीनें एखादी चिठ्ठी टांचलेली असे. मोज्यांच्या जोडींतही अशा चिठ्ठ्या सांपडत. ज्याचें नांव ठाऊक नाहीं आणि ज्याचें तोंड कधीं दिसणार नाहीं अशा माणसाला तीं पत्रें लिहिलेलीं असत.

पण सुईला दोरा लागतो आणि दोऱ्याला कापूस. कापूस पिके दक्षिणेंत, म्हणजे शत्रूच्या मुलखांत; आणि उत्तरेच्या आरमारानें तर दक्षिणेचीं बंदरें रोखून धरलेलीं. युद्धापूर्वीं न्यूयॉर्कच्या बाजारांत पौंडामागें दहा-बारा सेंटांना मिळणारा कापूस १८६४ सालीं दीड डॉलरच्याही वर गेला. सदऱ्याचें कापड महागलें, तसे जुने कपडे उसवून नवे करण्याचे दिवस आले. याच दुष्काळानें जगाच्या दुसऱ्या टोंकाला सोन्याचा पाऊस पाडला. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा होतांच त्यांनीं मुंबईकडे धांव घेतली. वऱ्हाड, खानदेश, धारवाड येथील कापूस मिळेल त्या भावानें विकला जाऊं लागला. बँका आणि कंपन्या पावसाळ्यांतल्या छत्र्यांप्रमाणें उगवल्या. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे भाग वेड्यासारखे चढले. प्रेमचंद रायचंद यांचें नांव घरोघर झालें. पुढें एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेचा सेनापति ली शरण गेला, कापूस उतरला आणि त्याच वर्षाच्या जुलैच्या पहिल्या तारखेस मुंबईचा फुगा फुटला. प्रेमचंदांनीं मातोश्रींच्या नांवें दिलेल्या देणगींतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर त्या काळाची साक्ष देत आहे. ओहायोंतल्या एखाद्या म्हातारीची जुनी चादर उसवण्याची धडपड आणि मुंबईच्या दलालांची धांदल या दोन्हींचें मूळ एकच होतें.

आतां त्या मालाच्या मागोमाग मिसिसिपी नदीवर जावें. ही नदी म्हणजे त्या युद्धाचा पश्चिमेकडील राजमार्ग. १८५९ सालीं मिसूरींतील केप जिरार्डो येथें बांधलेली रेड रोव्हर नांवाची एक आगबोट दक्षिणेनें १८६१ सालीं विकत घेऊन आपल्या तरत्या तोफखान्याच्या लोकांना राहावयास दिली होती. दहा नंबरच्या बेटाजवळील लढाईंत तिला गोळ्यांनीं भोंकें पडलीं आणि एप्रिल १८६२ मध्यें तें बेट पडलें तेव्हां ती उत्तरेच्या माउंड सिटी या तोफनौकेच्या हातीं लागली. तिला सेंट लुई येथें नेऊन, दुरुस्त करून, नदीवरील आरमाराचें तरतें रुग्णालय बनविण्यांत आलें. या कामीं सेंट लुईच्या वेस्टर्न सॅनिटरी कमिशननें सुमारें ३,५०० डॉलरांचें साहित्य दिलें. ही संस्था वर वर्णिलेल्या कमिशनहून स्वतंत्र होती. परंतु तिचीं कोठारें भरणारे हात तसेच स्त्रियांचे होते. सेंट लुईंतील लेडीज युनियन एड सोसायटी हा तिचा मोठा आधार होता.

त्या काळच्या मानानें रेड रोव्हर म्हणजे एक नवलच होतें. बोटीवर स्नानगृहें होतीं, धुलाईघर होतें, शस्त्रक्रियेची वेगळी खोली होती. रुग्णांचा आणि धडधाकट माणसांचा स्वयंपाक निरनिराळा होई. खालच्या मजल्यावरून रुग्णास वर नेण्यासाठीं पाळणा होता. धुराड्यांतील राख आंत येऊं नये म्हणून खिडक्यांना जाळीचे पडदे लावलेले होते. बर्फ सांठविण्याची प्रचंड कोठी होती. १८६२ च्या जून महिन्यांत बोट कामास लागली आणि थोड्याच दिवसांत तिची कसोटी पाहणारा प्रसंग ओढवला. १७ जून रोजीं आर्कान्सांतील व्हाइट नदीवर, जिनें रेड रोव्हर पकडली होती त्याच माउंड सिटी नौकेच्या वाफेच्या टांकींत शत्रूचा गोळा शिरला. कढत वाफेनें नौकेवरील माणसें भाजून निघालीं. कांहींनीं पाण्यांत उड्या टाकल्या. शंभरांहून अधिक माणसें मेलीं. भाजलेल्यांपैकीं कित्येकांना रेड रोव्हरवर आणण्यांत आलें. ज्याची कातडी सोलून निघाली आहे त्याला लष्करी कांबळ्याचा स्पर्श सहन होत नाहीं. त्याला जुनें, धुऊन धुऊन मऊ झालेलें कापड लागतें. तसलें कापड कोणत्याही सरकारी कोठारांत नसतें. तें घरांतल्या पेटींतूनच निघावें लागतें.

ऑक्टोबर १८६२ मध्यें हा नदीवरील काफिला लष्कराकडून आरमाराकडे आला आणि २६ डिसेंबर रोजीं रेड रोव्हर रीतसर आरमारांत दाखल होऊन अमेरिकन आरमाराची पहिली रुग्णनौका ठरली. तिच्यावर शुश्रूषेसाठीं होली क्रॉस या कॅथॉलिक पंथाच्या संन्यासिनी आल्या आणि त्यांच्या जोडीला कृष्णवर्णीय स्त्रियाही काम करूं लागल्या. त्यांपैकीं ॲन ब्रॅडफर्ड हिची हकीकत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ती टेनेसीकडील गुलाम स्त्री. गुलामगिरींतून निसटून आरमाराच्या आश्रयास आलेल्या लोकांना सरकारी भाषेंत शत्रूचा जप्त माल म्हणत. त्याच नांवाखालीं जानेवारी १८६३ मध्यें ती बोटीवर आली. तिनें स्वेच्छेनें शुश्रूषेचें काम पत्करलें. स्त्रीसाठीं आरमारांत हुद्दाच नव्हता, म्हणून पटावर तिची नोंद ‘प्रथम वर्गाचा पोऱ्या’ अशी झाली. तथापि तिला आरमाराचा पगार मिळूं लागला. कालपर्यंत जी स्वतःच माल होती ती आज सरकारची पगारी सेविका झाली.

इकडे घरोघरच्या शिवणमंडळांत संशयाचें वारें शिरलें होतें. पाठविलेले मुरंबे अधिकारी खातात, सदरे बाजारांत विकले जातात, रजया वैद्यांच्या बिछान्यावर दिसतात, अशा बातम्या पसरत. त्यांतल्या कांहीं खऱ्याही असत. संशयाला उत्तर एकच होतें. स्वतः जाऊन पाहणें. शिकागोच्या शाखेच्या मेरी लिव्हरमोर १८६३ च्या वसंतांत मालाबरोबर मिसिसिपीनें खालीं गेल्या. व्हिक्सबर्गसमोर ग्रँटचें सैन्य चिखलांत आणि हिंवतापांत खितपत पडलें होतें. वाटेंतलीं ठाणीं, तंबूंतलीं रुग्णालयें, नदीकांठचे तळ त्यांनीं पाहिले. माल कोठें जातो, कोण वांटतो, काय कमी पडतें हें टिपून घेतलें. ग्रँटचें मुख्य ठाणें तेव्हां एका आगबोटीवर होतें. तेथें जाऊन मरणपंथास लागलेल्या कांहीं शिपायांना घरीं पाठविण्याची परवानगीही त्यांनीं मिळविली. परत आल्यावर त्यांनीं आणि त्यांच्या सहकारी जेन होज यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें गांवोगांवच्या मंडळांना सांगितलें. सदऱ्यांबरोबर कांदे-बटाटे धाडा, कारण सैन्यांत रक्तपिती पसरली आहे, हें सांगणेंही त्यांनीं सोडलें नाहीं. ज्या हातांनीं शिवलें, त्यांतल्या दोन डोळ्यांनीं जाऊन पाहिलें, एवढ्यानें पेट्यांचा ओघ पुन्हां वाहता झाला.

परंतु या उज्ज्वल चित्राला एक काळी किनार आहे आणि ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. सर्वच स्त्रिया हौसेनें शिवीत नव्हत्या. शिपायाचा गणवेश ठेकेदारांकडून शिवून घेतला जाई आणि ठेकेदार तो गरीब स्त्रियांकडून करवून घेत. त्यांतल्या पुष्कळजणींचे नवरे आणि मुलगे त्याच सैन्यांत होते किंवा त्याच सैन्यांत मेले होते. फेब्रुवारी १८६५ मध्यें सिन्सिनाटीच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनीं अध्यक्ष लिंकन यांना अर्ज केला. राखी लोंकरी सदऱ्यांच्या डझनाला ठेकेदारास सरकारकडून पावणेदोन डॉलर मिळतात आणि तो आम्हांस एकच डॉलर देतो, त्यांत पोट भरत नाहीं. तेव्हां सरकारनें हें काम थेट आमच्या हातीं द्यावें, असें त्यांचें मागणें होतें. एका दिवाणखान्यांत सदरा पुण्यकर्म म्हणून शिवला जात होता आणि चार गल्ल्यांपलीकडे तोच सदरा उपासमारीच्या मजुरीवर. सेंट लुईच्या मंडळाचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांनीं ही तफावत ओळखली. रुग्णालयांच्या कपड्यांचें काम स्वतःकडे घेऊन त्यांनीं तें शिपायांच्या बायकांना मजुरीनें दिलें. सेवेचा आणि पोटाचा प्रश्न एकाच सुईनें टांचण्याचा तो प्रयत्न होता.

दुसरीही एक गोष्ट आजच्या ज्ञानानें सांगावयास हवी. जखमेंत भरण्यासाठीं जुनें सुती वा तागाचें कापड सुरीनें खरवडून त्याचा मऊ भुगा करण्याचें काम लहान मुलींनाही दिलें जाई. तो भुगा कोठेंही बसून, कसल्याही हातांनीं केला जाई. जंतूंचें शास्त्र तेव्हां रुजलेलें नव्हतें. जोसेफ लिस्टर यांनीं जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील निबंध १८६७ सालीं, म्हणजे युद्ध संपल्यावर प्रसिद्ध केले. ज्या मायेच्या हातांनीं तो भुगा केला त्याच हातांनीं नकळत विषही जखमेंत पोंचविलें असेल. हॅवलॉकांची चूक हंसण्यावारी गेली. ही चूक कोणाला दिसलीच नाहीं.

चार वर्षांत सॅनिटरी कमिशननें सुमारें दीड कोट डॉलर किंमतीचा माल आणि त्याखेरीज सुमारें अर्धा कोट डॉलर रोख एवढी मदत गोळा केली. १८६३ च्या शरद ऋतूंत शिकागोच्या स्त्रियांनीं भरविलेली जत्रा ही या पैशाच्या मोठ्या झऱ्यांपैकीं एक होती. लिंकन यांनीं आपल्या हातचा गुलाममुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्या जत्रेस दिला आणि तो ३,००० डॉलरांस विकला गेला. पुढें १८७१ च्या शिकागोच्या आगींत तो जळाला. पण त्या जत्रेच्या तयारींतील एक लहानसा प्रसंग अधिक बोलका आहे. जत्रेसाठीं इमारत बांधावयाची म्हणून लिव्हरमोर आणि होज ठेकेदाराकडे गेल्या, रक्कम ठरली, दोघींनीं करारावर सह्या केल्या. ठेकेदार म्हणाला, या सह्या चालणार नाहींत. नवऱ्यांच्या सह्या आणा. पैसा रोख दिला तरीही सहीला किंमत नव्हती, कारण विवाहित स्त्रीला करार करण्याचा अधिकारच त्या राज्याच्या कायद्यानें दिलेला नव्हता. ज्या स्त्रिया सैन्याला सदरे पुरवीत होत्या, बोटी भरून माल धाडीत होत्या, सेनापतींशीं वाद घालीत होत्या, त्यांची सही कवडीमोल! युद्ध संपल्यावर लिव्हरमोर यांनीं उरलेलें आयुष्य स्त्रियांच्या हक्कांसाठीं व्याख्यानें देण्यांत वेंचलें. मताचा हक्क सबंध अमेरिकेंतील स्त्रियांना राज्यघटनेनें १९२० सालीं मिळाला, तो पाहावयास त्या जिवंत नव्हत्या.

रेड रोव्हरनें दोन हजारांहून अधिक रुग्णांची सेवा केली. नोव्हेंबर १८६५ मध्यें ती आरमारांतून निघाली आणि लिलांवांत विकली गेली. तिच्यासारख्या नौकांवरच्या आणि रुग्णालयांतल्या त्या असंख्य रजया धुण्यांत विरल्या, फाटल्या, कित्येक तर ज्याच्या अंगावर होत्या त्याच्याबरोबरच मातींत गेल्या. कमिशनचा शिक्का असलेल्या अगदीं थोड्या आज संग्रहालयांतून उरल्या आहेत. प्रथा मात्र उरली. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन रेड क्रॉसच्या हांकेनें लक्षावधि हातांनीं मोजे विणले, आणि २००३ सालापासून तेथील स्वयंसेविका युद्धावर जाऊन आलेल्या सैनिकांना व खलाशांना हातानें शिवलेल्या रजया देत आल्या आहेत. अलीकडच्या या रजया बहुधा समोरासमोर दिल्या जातात. शिवणारीला घेणाऱ्याचें तोंड दिसतें.

ॲन ब्रॅडफर्ड बोटीवरच्या एका खलाशाशीं लग्न करून ॲन स्टोक्स झाली. पति वारल्यावर विधवा म्हणून तिनें निवृत्तिवेतनाचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. तेव्हां तिनें दुसरा अर्ज केला. या वेळीं कोणाची बायको म्हणून नव्हे, तर रेड रोव्हरवर स्वतः केलेल्या दीड वर्षाच्या नोकरीच्या आधारावर. १८९० सालीं तो मंजूर झाला आणि तिला दरमहा बारा डॉलर मिळूं लागले. ‘प्रथम वर्गाचा पोऱ्या’ या नोंदीवर सरकारनें एका स्त्रीला दिलेलें तें निवृत्तिवेतन होतें.